आगीच्या डोंगराखाली एक ओलं बनियन

हॉटेलच्या रिसेप्शनवर, रांगेतल्या पाच-सहा परक्या माणसांदेखत, माझं बनियन पारदर्शक पिशवीत घालून मला परत करण्यात आलं. ओलंच, आणि वर छान चौकोनी घडी घातलेलं. ओल्या कपड्याची घडी घालणाऱ्या माणसाला कुबट वास म्हणजे काय ते ठाऊक नसावं, किंवा फारच चांगलं ठाऊक असावं. सोबत एक छापील चिठ्ठी होती: बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घालू नयेत.

स्थळ: बोर्निओ बेटावरच्या, मलेशियाच्या सारावाक राज्यातलं गुनुंग मुलू राष्ट्रीय उद्यान. मिरी शहराहून पंख्याच्या छोट्या विमानाने अर्धा तास. पर्यटकाला यायला-जायला बहुतेक विमानच, रस्त्याने येण्याची सोय नाही. एटीएम नाही, रोख रिंगिट मिरीतच काढून घ्यावे लागतात. भोवती चुनखडीचे डोंगर आणि जंगल. म्हणजे हॉटेलवाल्याशी भांडून 'चला, शेजारच्या लॉजवर जाऊ' असा रुबाब करायची फारशी सोय नाही. त्यामुळे मी आवाज खाली ठेवला.

आता काउंटरवरच्या त्या मुलाबद्दल सांगायला हवं. वय तेवीस-चोवीस, इस्त्रीचा कडक शर्ट (हा कुठे वाळवतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही) आणि चेहऱ्यावर अढळ सौजन्य. मलेशियात 'कॅन' हे क्रियापद नसून अख्खं वाक्य आहे. मलयमधल्या 'बोलेह'चं ते इंग्रजी रूप. प्रश्नही 'कॅन?' आणि उत्तरही 'कॅन'. फार सोयीची गोष्ट. फक्त 'काय' कॅन, हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

"बाल्कनीत कपडे कॅनॉट, सर."

"मग वाळवायचे कुठे?"

"लॉन्ड्री कॅन."

"उद्या सकाळी बोट आहे. त्याआधी मिळतील?"

"कॅन."

"वाळलेले?"

इथे त्याने क्षणभर विचार केला. खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता.

"धुतलेले कॅन."

"अरे, धुतलेले आहेतच. धुतलेलेच तुला देतोय. मला वाळलेले हवेत."

"वाळलेले ऑल्सो कॅन."

"उद्या?"

"उद्या कॅनॉट. परवा कॅन."

"परवा नक्की?"

"पाऊस नसेल तर, सर."

"पण तुमच्याकडे ड्रायर असेल ना?"

"ड्रायर आहे."

"चालतो?"

"कॅन. पण आत चादरी आहेत. चादरींनंतर टॉवेल. टॉवेलनंतर सर."

म्हणजे मीच. टॉवेलनंतर माझा नंबर. मागे उभ्या असलेल्या बाईंनी आपल्या हातातल्या टॉवेलकडे पाहिलं आणि तो हळूच पर्समागे घेतला. मग त्या मुलाने मान तिरकी करून अगदी आस्थेने विचारलं, "सर, उद्या कुठे जाणार?"

"क्लिअरवॉटर गुहेला."

"तिथे बाहेर डोहात पोहतात, सर. कपडे ओलेच होणार."

मागच्या बाईंनीही मान डोलावली. चुकलेल्या माणसाला मी माफ करू शकतो. बरोबर असलेल्याला करणं मला कधीच जमलेलं नाही.

वाईट याचं वाटतं की तिथला निसर्गही त्याच्याच बाजूचा. मुलूत वर्षाला चार ते पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या आंबोलीत याहून जास्त कोसळतो, पण तो चार महिन्यांत उरकतो आणि मग वलणीवरचे कपडे दिवाळीपर्यंत कडकडीत होतात. इथे कोरडा ऋतू असा नाहीच. पाऊस मातीत मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतो, सौम्य आम्ल होतो आणि चुनखडी विरघळवत बसतो. मुलूतलं सगळं वैभव या एका उद्योगातून आलेलं. ज्या डोंगरावर चुनखडीचे पंचेचाळीस-पंचेचाळीस मीटर उंच सुळे, म्हणजे पंधरा मजली सुरे, उभे आहेत, ते या पाण्यानेच भेगा रुंदावून तासलेत. १९८१ साली सापडलेलं सारावाक चेंबर हे भूगर्भातलं दालन सुमारे सहाशे मीटर लांब आणि चारशे मीटर रुंद, तेही पाण्याचंच काम. ज्यांना ते सापडलं त्यांना दिव्यांच्या उजेडात पलीकडची भिंतच दिसेना. जे पाणी डोंगर पोखरतं ते माझ्या बनियनला काय भीक घालणार! आणि ते सुळे ज्या डोंगरावर आहेत त्याचं नाव गुनुंग आपी. मलयमध्ये आपी म्हणजे आग. आगीच्या डोंगराच्या छायेत मोजा वाळत नाही, याला थट्टा म्हणावं की प्रशासन, ते मला ठरवता आलेलं नाही.

तरी काही गोष्टी जमतात, त्या सांगून ठेवतो. बाल्कनीत कपडा वाळतो हा भ्रम आहे. चिठ्ठीवाले नियम म्हणून सांगतात, मी विज्ञान म्हणून सांगतो. रात्री बाहेरची हवा आधीच पाण्याने काठोकाठ भरलेली असते, तिला तुमच्या कपड्यातलं पाणी घ्यायला जागाच नसते. पहाटे कपडा संध्याकाळपेक्षा ओला निघू शकतो. कपडे वाळवायचे तर एसीखाली. पण एसी कूलवर न ठेवता ड्राय मोडवर, म्हणजे रिमोटवर पाण्याच्या थेंबाचं चित्र असतं तिथे. आणि बाल्कनीचं दार घट्ट बंद. दार उघडं ठेवून एसी लावणारा माणूस सबंध बोर्निओ कोरडं करायला निघालेला असतो.

त्याआधी पिळणं. नुसत्या हाताने पिळून भागत नाही. कोरडा टॉवेल पलंगावर पसरायचा, त्यावर कपडा, दोन्हींची सुरळी करायची आणि तिच्यावर गुडघे टेकून बसायचं. निथळणारा कपडा पाच मिनिटांत नुसता दमट उरतो. मग तो खुर्चीच्या पाठीवर न टाकता हँगरवर अडकवून झोताखाली टांगायचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा लागते. टॉवेल मात्र भिजतो, आणि त्या टॉवेलचा रांगेतला नंबर आपल्या आधीचा आहे हे वर आलंच आहे.

यात मेख अशी की खोलीतली वीज चावीच्या कार्डावर चालते. फिरायला बाहेर पडलात, कार्ड काढलंत, की एसी बंद आणि आठ तासांत खोली पुन्हा मुलू. दुसरं कार्ड खाचेत ठेवून जाता येतं. पण इतक्या दुर्गम जागी तीन मोज्यांसाठी दिवसभर एसी चालवणं मनाला लागतं. मी दोन दिवस लावून घेतलं, तिसऱ्या दिवशी दुसरं कार्ड मागितलं. "कॅन," तो म्हणाला.

खरी चूक मुंबईतच झालेली असते, बॅग भरताना. सुती कपडा घ्यायचाच नाही. आपण 'वाळला' म्हणतो तेव्हाही सुतात साधारण आठ टक्के ओल असते, पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्काही नसते. सुती बनियन घाम टिपतं म्हणून आपण आयुष्यभर त्याचं कौतुक केलं. ते टिपतंच, पण सोडत नाही. जीन्सबद्दल बोलायलाच नको, ती मुलूत नेणं म्हणजे घोंगडी नेणं.

बुटांचं दुखणं वेगळं. हेअर ड्रायर आत खुपसू नका, उष्णतेने डिंक सुटतो आणि सुळ्यांच्या चढावर, जिथे शेवटच्या टप्प्यात पंधराच्या वर शिड्या आहेत, तळवा जीभ बाहेर काढतो. सुकतळा काढून वेगळा ठेवायचा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे, दर दोन तासांनी बदलून. मुलूत वर्तमानपत्र शोधत बसण्यापेक्षा घरून दोन रविवार पुरवण्या आणाव्यात, त्यांचा असाही दुसरा उपयोग नसतो. स्थानिक गाईड हे काही करत नाहीत. ते अख्ख्या रबरात ओतलेले, तळाला खुंट्या असलेले काळे स्वस्त बूट घालतात. गमतीने त्यांना 'आदिदास कॅम्पुंग' म्हणतात, म्हणजे खेड्यातले आदिदास. पाणी आत आलं तर उपडे करायचे, संपलं. माझ्या बुटांच्या किमतीत ते अख्ख्या गावाला आले असते.

लहानपणी पावसाळ्यात घरी शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर तान्ह्या बाळाचे लंगोट वाळवत. थोडी धुरी, थोडा कोळसा, आणि दुपारपर्यंत ढीग कोरडा. त्या टोपलीची आठवण मला तीन तारे लावलेल्या जागी यावी, शिवाय एका मोज्याच्या धुलाईला जेवणाएवढे पैसे मागितले जावेत, याचा राग मी अजून पूर्णपणे गिळलेला नाही. दोन मोजे म्हणजे दोन नग, हे दरपत्रकात स्पष्ट छापलं होतं. जोडी हा प्रकार त्यांना मान्य नव्हता.

परतीच्या दिवशी मुलूच्या चिमुकल्या विमानतळावर बॅग काट्यावर ठेवली. खरेदी शून्य. तरी येतानापेक्षा जवळपास दोन किलो जास्त भरली. काउंटरवरच्या माणसाने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वजन जास्त आहे, सर."

"ओले कपडे आहेत हो. मिरीला पोचून वाळवले की कमी होईल."

"मिरीला कॅन," तो म्हणाला. "इथे पैसे."