आप्पांच्या मोबाईलमधलं चालायचं ॲप का टिकतं, का बंद पडतं

पहाटे रंकाळ्यावर साठी-सत्तरीतली मंडळी फेरी संपवून कठड्यावर टेकली की आधी खिशातनं मोबाईल निघतो. "किती झाली आज?" पोरांना वाटतं आप्पांना मोबाईलचा नाद लागला. तसं काही नसतं. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलेलं असतं, त्याचा हिशोब हवा असतो, आणि शेजारच्या तात्यांपेक्षा आपली पावलं कमी पडलेली चालत नाहीत.

माणूस नवं तंत्रज्ञान का स्वीकारतो, याची दोन कारणं संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडली: ते उपयोगाचं वाटणं आणि वापरायला सोपं वाटणं. पुढं २००३ मध्ये व्यंकटेश आणि सहकाऱ्यांनी त्यात आजूबाजूच्यांचं मत आणि अडलं तर मिळणारी मदत याही गोष्टी धरल्या. माझ्या मते साठीनंतर ही मदतच सगळ्यात जड. मुलगा पुण्याहून येतो, ॲप टाकून देतो आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं परत जातो. सोमवारी आकडा शून्य दिसला की विचारायचं कुणाला?

शून्य का दिसतो, तेही बघा. अँड्रॉइड १० पासून पावलं मोजायला 'शारीरिक हालचाल' ही वेगळी परवानगी लागते. ती दिली तरी बरेच फोन बॅटरी वाचवायला मागं चाललेलं ॲप गपचूप बंद करतात. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पर्यायात जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' करायचं. काकींचा फोन हातातल्या पिशवीत असेल तर मोजणी हमखास चुकते, कमरेच्या बटव्यात ठेवला तर बरी येते. घरातल्या घरात दोन-चार पावलं टाकून थांबलं तर ती बहुतेक धरलीच जात नाहीत. काठी घेऊन सावकाश चालणाऱ्यांचीही बरीच पावलं सुटतात.

अंतराची भानगड वेगळी. ॲप उंचीवरून पाऊल किती लांब ते ठरवतं, पण वय झालं की पाऊल आखूड होतं. सपाट रस्त्यावर २० पावलं चाला आणि टेपनं मोजा. ११ मीटर भरलं तर पाऊल ५५ सेंटीमीटरचं. ॲपनं ७० धरलं असेल तर ५,००० पावलांचं ते साडेतीन किलोमीटर दाखवणार, खरे होतात पावणेतीन. ज्या ॲपमध्ये पावलाची लांबी बदलता येते, तिथं ती भरून टाका.

आता ते १०,००० पावलांचं खूळ. हा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पाऊलमापकाचं नावच तसं होतं, तिथनं तो जगभर पसरला. सरासरी ७२ वर्षांच्या बायकांवरचा २०१९ चा अमेरिकन अभ्यास सांगतो की रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि ७,५०० नंतर फारसा फरक दिसला नाही. म्हणून ॲप टाकताना आधी आठवडाभर नुसतं मोजू द्या. रोजची ३,००० निघाली तर लक्ष्य ३,५०० ठेवा. पहिल्याच दिवशी १०,००० ठेवलं की रोज नापास, आणि रोज नापास व्हायला कुणाला आवडतं?

कॅलरीच्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नका. तो बघून मिसळीचा जादा कट मागवणारे महाभाग आहेत.

ठोके मोजणारं घड्याळ घेणार असाल तर एक जपा. मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके आवरणारी गोळी चालू असेल तर चालताना ठोके फारसे वाढत नाहीत. घड्याळ '२२० वजा वय' हा ठोक्यांचा कमाल आकडा धरून 'वेग वाढवा' म्हणत राहतं. तिथं घड्याळाचं ऐकायचं नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की पुरे.

आणि खातं वडिलांच्याच ईमेलवर काढा, पासवर्ड त्यांच्या वहीत लिहा. मुलाच्या ईमेलवर काढलेलं असलं की फोन बदलल्यावर आत शिरता येत नाही, वर्षाची नोंद हाताबाहेर जाते, आणि मग आप्पा परत ॲप उघडत नाहीत.