साहेब, आपला माणूस वर चढवायचाय ना?

पदोन्नतीचा आदेश परवा निघाला आणि फलकावर लागायच्या आत व्हॉट्सॲपवर फिरलाही. यादी कुणाला नवी नव्हती, टपरीवरच्या पोऱ्यालासुद्धा ती तोंडपाठ होती. तरी नव्यानं खुर्चीत बसलेल्या कार्यालयप्रमुखांची अडचण होऊ नये म्हणून हे चार शब्द. साहेब, सगळं नियमात बसवूनच करायचं. नियम मोडतात ते कच्चे.

सुरुवात ज्येष्ठता यादीपासून. दरवर्षी 1 जानेवारीच्या स्थितीची यादी प्रसिद्ध करायची असते. ती 'तात्पुरती' म्हणून काढा आणि तात्पुरतीच राहू द्या. हरकतींची मुदत संपता संपता ती तालुक्याला पोचली पाहिजे. जावक नोंदवहीत तारीख जुनी, पाकिटावर टपालाचा शिक्का नवा. तरी कुणी हरकत घेतलीच, तर 'प्रकरण तपासण्यात येत आहे'. एवढं एक वाक्य माणसाच्या निवृत्तीपर्यंत पुरतं.

विभागीय पदोन्नती समितीची बैठक कधी लावायची, हे डोकं लावून ठरवा. निवडसूचीचं, म्हणजे बढतीला पात्र ठरलेल्यांच्या यादीचं, वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होतं, त्याआधी बैठक व्हायला हवी, हे खरं. पण आपला माणूस विभागीय परीक्षेच्या एका पेपरात अडकला असेल तर घाई कसली? निकाल लागू द्या. शिवाय गावोगावच्या हेडमास्तरांच्या कृपेनं आपल्याकडे निम्मं कार्यालय 1 जूनला जन्मलेलं असतं. म्हणजे 31 मेला 58 पुरी होऊन वरची दोन-तीन नावं आपोआप गळतात. बैठक जूनमध्ये ठेवा. कुणावर अन्याय केल्याचा कागद मागे राहत नाही.

गोपनीय अहवाल मात्र स्वतःच्या हातानं लिहा, ते काम स्टेनोवर सोडू नका. नवखे साहेब रागाच्या भरात 'क' श्रेणी देऊन बसतात आणि माणूस भांडायला येतो. 'ब' द्या. शेरा: 'कर्मचारी साधारण. पुढाकाराचा अभाव.' वाचायला निरुपद्रवी. पण समिती 5 वर्षांच्या अहवालांची सरासरी काढते, त्यात असे दोन 'ब' पडले की वरच्या पदाला लागणारी श्रेणी हुकते. दुसरा उपाय याहून सोवळा. अहवाल लिहायला प्रतिवेदन अधिकाऱ्याच्या, म्हणजे तो लिहिणाऱ्या साहेबाच्या, हाताखाली निदान 3 महिने काम झालेलं लागतं. तेव्हा नकोशा माणसाला अडीच महिने लेखा शाखेत ठेवा, अडीच महिने आस्थापनेत, मग अभिलेख कक्षात. वर्ष कोरं जातं. समितीपुढे ओळ येते, 'अहवाल अनुपलब्ध, प्रकरण पुढील बैठकीत ठेवावे.' अहवाल लिहून घेणं हे कुणाचं काम होतं, असं समितीतलं कुणीही विचारत नाही. शेरा बरा असो की वाईट, प्रत्येक नोंद संबंधिताला कळवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालय 2008 मध्ये देव दत्त प्रकरणात सांगून बसलंय. कळवा की! बैठकीच्या आदल्या दिवशी कळवा. आणि 'अत्युत्कृष्ट' कुणाला, हे सांगायला नकोच. ज्याला साधी टिपणी लिहिता येत नाही, पण साहेबांच्या घरचा सिलिंडर, चिरंजीवांची ॲडमिशन आणि मेहुण्यांचं फेरफाराचं काम ज्याच्या शब्दावर होतं, त्याला. त्याच्या टिपण्या लिहितं कोण? तोच 'साधारण' कर्मचारी. महालेखापालांचं पथक आलं की आक्षेपांचं अनुपालन कोण तयार करतं? तोच, ज्याच्यात पुढाकाराचा अभाव आहे. अधिवेशन काळात तारांकित प्रश्न आला की रात्री आठला फोन कुणाला जातो? उत्तर पहाटे दोनपर्यंत बसून कोण टाइप करतं, आणि सकाळी ते घेऊन सचिवांपुढे कोण उभं राहतं? माणूस एवढा साधारण आहे तर रात्री आठला त्याच्याशिवाय कुणी का सुचत नाही हो?

असो. पुढे.

इतकं करूनही नाव वर राहिलंच, तर चौकशी लावा. नुसती 'प्रस्तावित' चौकशी चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या जानकीरामन निकालानं 1991 मध्येच ती वाट बंद केली आहे. दोषारोपपत्र हातात पडलं तरच मोहोरबंद पाकीट, म्हणजे चौकशी संपेपर्यंत समितीची शिफारस लखोट्यात बंद. म्हणून ते बैठकीआधी बजावायचं आणि 'दोषमुक्त' हा शब्द दोन वर्षांनी लिहायचा.

रिक्त पदाचा अतिरिक्त कार्यभार आपल्या माणसाला द्या. सहा महिन्यांनी तो 'अनुभवी' होतो.

पदस्थापना विसरू नका. नकोशा ज्येष्ठाला पदोन्नती अवश्य द्या, पण गडचिरोलीच्या टोकाला, भामरागडला. घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि मुलीची बारावी, मग तो नकार लिहून देतो. नकार आला की निवडसूचीतून नाव गेलं, वर आश्वासित प्रगतीच्या, म्हणजे बढतीविना मिळणाऱ्या वरच्या वेतनाच्या, लाभालाही खो. आपल्या माणसाची मात्र 'प्रशासकीय सोय': आहे त्याच इमारतीत, एक मजला वर.

मॅटची, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाची, भीती बाळगू नका. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, डावललेल्याला कुठेही जाऊ द्या. त्याचा वकील त्याच्या पगारातून, तुमच्या बाजूचा सादरकर्ता सरकारच्या पैशातून. तारखांमागून तारखा पडत राहतात. शेवटी निकाल लागतोच त्याच्यासारखा. मग मिळतो मानीव दिनांक, म्हणजे बढती आधीच झाली होती असं कागदावर मानलेली तारीख. वेतननिश्चिती काल्पनिक, थकबाकी शून्य, कारण वरच्या पदावर प्रत्यक्ष काम केलेलं नाही. ते काम करू कुणी दिलं नाही? तोवर तुम्ही निवृत्त, तुमचा माणूस आणखी एक पायरी वर. ज्यानं बेकायदा आदेशावर सही केली त्याच्या पेन्शनमधून एक रुपयासुद्धा जात नाही.

आणि म्हणूनच तुम्ही हे करता. पकडले गेलात तरी भरावं काही लागत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. वर 'काय करणार, नियमच तसे आहेत' म्हणून चेहरा पाडता. नियम तसे नाहीत. यादी वेळेवर काढा, अहवाल वेळेवर लिहा, बैठक वेळेवर घ्या, एवढंच नियमात आहे, आणि या तिन्हींत तुम्ही खोटेपणा केला आहे. ज्यांना डावललंत त्यांच्याच जिवावर तुमचं कार्यालय चालतं. उद्या त्यांनी फक्त स्वतःच्या टेबलापुरतं काम करायचं ठरवलं, तर तुमच्या अत्युत्कृष्ट अधीक्षकाला साधं स्मरणपत्र काढता येणार नाही. सत्काराचे हार मागवायच्या आधी आवक शाखेत पडून असलेल्या हरकतीला उत्तर द्या. लेखी द्या, कारणांसह, आणि खाली स्वतःची सही करा. 'करिता' म्हणून दुसऱ्या कुणाची नको.