एक्कावन्न पैशांचं गाव

कॅनडाने 2013 मध्ये एक सेंटचं नाणं वाटपातून काढून घेतलं. इथे सास्काटूनला रोखीचं बिल पाच सेंटांच्या पटीत करतात, कुणी हुज्जत घालत नाही. आमच्या परभणीकडे मात्र कधीच मोडीत गेलेल्या नाण्यावरून दर दिवाळीच्या सुमारास गाव पेटतं : औंदा आणेवारी किती लागली?

आणेवारी म्हणजे गावात पीक किती आलं याचा सरकारी आकडा. सोळा आणे म्हणजे पूर्ण रुपया, तसं सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. आठ आणे म्हणजे निम्मं. 1957 ला दशमान नाणी आली, सरकारी कागदावर शंभर पैशांची पैसेवारी झाली, पारावर आणेवारीच राहिली. पैसा तरी मुळात आण्याचा चौथा हिस्सा, त्याचं नातं ‘पाद’शी, म्हणजे पाव भागाशी जोडतात. (आजोबांच्या डोक्यात याहून अवघड हिशेब असायचा : निजामाचे सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार.)

तलाठी येतो, शेतात दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखला जातो, तेवढंच सोयाबीन कापून, मळून तोलतात आणि प्रमाण उत्पन्नाशी ताडून बघतात. दोरी धरली की लगेच कुणीतरी म्हणतंच, ‘बांधाकडचं घ्या ना साहेब.’ कारण बांधाकडचं पीक पातळ, आणि पन्नास पैशांच्या आत आलेल्या गावाला शेतसाऱ्यात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात 33.5 टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. एक्कावन्न आले की हात हलवत बसा. 2016 च्या केंद्राच्या संहितेपासून दुष्काळ ठरवताना पाऊस, मातीतली ओल, उपग्रहाची चित्रं बघतात. तरी पन्नासच्या आतल्या गावांची यादी निघतेच आणि मोर्चेही तिच्यावरच निघतात.

‘तुमच्याकडं कसंय?’ काका फोनवर विचारतात. इथल्या पीकविम्यात ज्याच्या त्याच्या शेताचं मागचं उत्पन्न धरतात. हमीपेक्षा जितकं कमी पिकलं तितकी भरपाई. पण इथे एकेकाची हजार-हजार एकरांची शेती. काकांच्या तीन एकरांसाठी वेगळा चौकोन कोण आखणार? तेव्हा गावाचा एकच आकडा मला मान्य आहे. खटकतो तो पन्नासचा उंबरठा. पंचावन्न पैशांच्या गावाला थोडी सूट, चाळीसला जास्त, तीसला पूर्ण, अशी उतरंड का नको? तोलूनमापून काढलेला आकडा शेवटी फक्त हो किंवा नाही म्हणण्यापुरताच वापरायचा, हे काही मला पटत नाही.

काकांना सांगितलं. म्हणाले, ‘ते मंत्र्याला सांग. आधी ह्या तलाठ्याला दोरी ताणून धरायला सांग.’