कोबीतली अळी आणि मेंदूतली गाठ

पावसाळा लागला की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. मेंदूच्या स्कॅनचा फोटो, शेजारी कोबीच्या पानावरची हिरवी अळी आणि खाली मजकूर: कोबीतला हा किडा उकळूनही मरत नाही, पोटातून थेट मेंदूत चढतो, मेंदू कुरतडतो, मग फिट येतात. तेव्हा कोबी बंद करा आणि दर सहा महिन्यांनी जंताची गोळी घ्या. आमच्या काकूंनी दोन पावसाळे कोबीचा गड्डा घरात येऊ दिला नाही.

आजार खरा आहे. न्यूरोसिस्टिसर्कोसिस त्याचं नाव, म्हणजे जंताच्या अळीने मेंदूत होणारी गाठ, आणि भारतात तो दुर्मीळही नाही. पण मेसेजने गुन्हेगार भलताच पकडलाय.

आधी ती अळी. गड्डा चिरताना पानांच्या घडीत सापडते ती बहुधा चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची, कोबीवरची नेहमीची कीड. चुकून पोटात गेलीच तर पचून जाते. मेंदूत गाठ करतो तो टीनिया सोलियम नावाचा पट्टकृमी, फितीसारखा लांब जंत. त्याची अंडी नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणजे कोबीत जे दिसतं ते हे नव्हे.

मग ही अंडी येतात कुठून? माणसाच्या शौचातून. नीट न शिजलेलं, गाठी असलेलं डुकराचं मांस खाल्लं की आतड्यात काही मीटर लांबीचा पट्टकृमी वाढतो. त्या माणसाला सहसा पत्ताही नसतो. त्याच्या शौचातली अंडी न धुतलेल्या हातांवरून किंवा सांडपाण्यावर पिकलेल्या भाजीवरून दुसऱ्याच्या (कधी त्याच्याच) तोंडात जातात, आतड्यात फुटतात आणि सूक्ष्म अळ्या रक्तातून स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत पोचतात. कोबी इथे फार तर वाहन. कोथिंबीर, मुळा, गाजर हीसुद्धा तशीच वाहनं. न्यूयॉर्कमध्ये डुकराला शिवतही नाहीत अशा सनातनी ज्यू कुटुंबांत हा आजार निघाला, त्याची हकिकत 1992 साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. शाकाहारी घरांतही तो होतो, तो याच वाटेने.

उकळून मरत नाही? ही अंडी उकळली की मरतात. नीट शिजलेल्या भाजीची भीती नाही. प्रश्न कच्च्याचा आहे.

आता 'कुरतडतो' हा शब्द. मला सगळ्यात जास्त तोच खटकतो, कारण घडतं ते याहून विचित्र आहे. मेंदूत अळी फिरत नाही, काही खातही सुटत नाही. वाटाण्याएवढी पाण्याची पिशवी होऊन एका जागी बसते. आत एक पांढरा ठिपका, ते तिचं डोकं. शरीराच्या प्रतिकारशक्तीला ती गुंगवून ठेवते, वर्षानुवर्षं. भारतात नोकरी करून मायदेशी गेलेल्या ब्रिटिश सैनिकांना तिकडे काही वर्षांनी पहिली फिट यायची. डिक्सन आणि लिप्सकॉम्ब या डॉक्टरांनी 1961 मध्ये 450 रुग्णांचा आढावा घेतला, त्यात हे स्पष्ट दिसतं. बहुतेकदा त्रास सुरू होतो तो पिशवी मरायला लागली की. प्रतिकार करणाऱ्या पेशी तिच्यावर तुटून पडतात, भोवती सूज येते, आणि त्या सुजेतल्या चेतापेशी भडकतात. शिवाय अलीकडे केपटाऊनच्या संशोधकांनी दाखवलं की अळीत ग्लूटामेट भरपूर असतं. चेतापेशी एकमेकींना चेतवायला हेच रसायन वापरतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी मेंदूच्या कापांवरही त्यांनी हे तपासलं. म्हणजे आग लावायची काडी काही प्रमाणात अळीच्याच खिशात असते.

यामुळेच जंताच्या गोळीचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. आतड्यातल्या जंतांसाठीची एक गोळी मेंदूतल्या गाठीवरचा उपचार नाही. आणि खरा उपचार सुरू केला तर पिशव्या एकदम मरून सूज वाढू शकते, म्हणून डॉक्टर सोबत स्टेरॉइड देतात. डोळ्यात पिशवी असेल तर नजर जाऊ शकते, तेही आधी तपासतात. गाठ मरून चुना झाली असेल तर जंतांचं औषध लागतच नाही, फिटचं लागतं.

परवा काकूंनी कोबीची भाजी केली, वाटाणे घालून. "तू म्हणतोस म्हणून हं," असं बजावत वाढली. संध्याकाळी नाक्यावरच्या भेळेवर मात्र त्यांनीच वरून मूठभर जास्तीची कोथिंबीर मागून घेतली.