हलक्या रोलरने स्कूटरची ताकद वाढत नाही

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीन-चार ग्रुपांवरून आला, आणि मावसभावाने तर तो वाचून शनिवारी स्वतःच्या स्कूटरचे रोलर बदलूनही घेतले. मेसेज थोडक्यात असा: ‘व्हेरिएटरमधले कंपनीचे रोलर काढा, हलके टाका. गाडी जागेवरून उडेल, टॉप स्पीड वाढेल, एव्हरेज वाढेल. परदेशात बर्फावर स्नोमोबिल चालवणारे क्लचची वजनं अशीच हलकी करून ताकद वाढवतात.’ (व्हेरिएटर म्हणजे स्कूटरच्या इंजिनाकडची, आपोआप गिअर बदलणारी पुली. रोलर म्हणजे तिच्यातली छोटी गोल वजनं; इंजिन फिरलं की ती बाहेर सरकतात आणि पुलीच्या बाजू जवळ आणून गिअर वर नेतात.)

सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण लोकांचा विश्वास बसतो तो त्याच्यावरच.

स्नोमोबिलमध्ये वजनं बदलतात, हे खरं आहे. तिच्या पुढच्या पुलीत, म्हणजे इंजिनाच्या शाफ्टवरच्या क्लचमध्ये, बहुधा तीन वजनदार पाती असतात. इंजिन फिरू लागलं की ती बाहेर फेकली जातात, स्प्रिंग दाबतात आणि पुलीच्या दोन्ही बाजू जवळ आणून बेल्ट पकडतात. काही पात्यांना भोकं ठेवलेली असतात. त्यांत छोटे स्क्रू किंवा रिव्हेट बसवून वजन ग्रॅमाग्रॅमने कमी-जास्त करता येतं. पात्याच्या बुडाशी वजन घातलं तर सुरुवातीची ओढ बदलते, टोकाला घातलं तर वरच्या वेगातलं वागणं बदलतं. मोठ्या नजाकतीचं काम आहे हे, आणि त्याचा हेतू एकच असतो: फुल थ्रॉटलला आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा इंजिन सर्वांत जास्त ताकद देतं त्याच आकड्यावर टिकावा. काटा त्याच्या वर गेला तर वजन वाढवायचं, खाली राहिला तर कमी करायचं. इंजिनाला टर्बो (जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारं यंत्र) बसवला तर वजन वाढवावंच लागतं. मेसेजमध्ये ही अर्धी बाजू गायब आहे.

हलक्या वजनांचा बोलबाला होतो तो डोंगरातल्या चालकांमुळे. दर हजार फुटांमागे साध्या इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी घटते. दहा हजार फुटांवर मैदानातलं वजन त्या इंजिनाला झेपत नाही, काटा खाली बसतो. म्हणून ते हलकी वजनं टाकतात. विरळ हवेने नेलेली ताकद त्यातून परत मिळत नाही. उरलेली नीट वापरता येते, एवढंच.

आता ‘जागेवरून उडेल’. इथे स्नोमोबिलचा दाखला सरळ चुकतो. तिच्यात बेल्ट पकडण्याचं आणि गिअर बदलण्याचं अशी दोन्ही कामं पुढची पुलीच करते. आपल्या स्कूटरमध्ये बेल्ट आयडलिंगलाही फिरतच असतो. गाडी जागची हलते ती मागच्या क्लचच्या शूजमुळे (घर्षणाने पकड घेणाऱ्या पट्ट्यांमुळे), आणि ते शूज कोणत्या आरपीएमला बाहेर पडून बाऊल, म्हणजे मागच्या चाकाला जोडलेली वाटी, धरतील हे त्यांच्या छोट्या स्प्रिंगा ठरवतात. रोलरचा त्या क्षणाशी संबंध नाही. फरक पडतो तो गाडी सुटल्यानंतर, मधल्या वेगात. तिथे पिकअप थोडा सुधारतो, हे मी नाकारत नाही.

किती सुधारतो त्याचं गणित सोपं आहे. रोलर बाहेर ढकलणारा जोर वजनाच्या प्रमाणात असतो, पण आरपीएमच्या वर्गाच्याही प्रमाणात असतो. रोलर दहा टक्के हलके केले की तेवढाच जोर मिळवायला आरपीएम साधारण पाच टक्के वाढावा लागतो. जिथे इंजिन ६००० वर राहून गिअर वर सरकत होता, तिथे ते सुमारे ६३०० वर राहील. गाडीचा आवाज चढतो आणि चालवणाऱ्याला ती पळतेय असं वाटतं. मावसभावालाही तसंच वाटलं. मी त्याला एकच विनंती केली: त्याच रस्त्यावर, जाता-येता दोन्ही दिशांनी, २० ते ५० चा वेळ मोबाइलवर मोज. फार हलके रोलर टाकले तर आरपीएम कमाल ताकदीच्याही पुढे जातो आणि गाडी नुसती ओरडते.

टॉप स्पीड वाढायला कारणच नाही. रोलर बाहेरच्या टोकाला पोचले की पुलीचं सर्वांत उंच गुणोत्तर, म्हणजे सर्वांत वरचा गिअर, मिळतं, आणि ते पुलीच्या मापावर ठरतं. हलके रोलर तिथपर्यंत उशिरा पोचतात, कधी पोचतही नाहीत. मग टॉप स्पीड उलट घटतो.

एव्हरेजचं तर उघड आहे. त्याच ४० च्या वेगाला इंजिन जास्त फेरे मारत असेल तर घर्षणात जास्त पेट्रोल जाणार.

हलके रोलर कुठेच नकोत, असं माझं म्हणणं नाही. महाबळेश्वर १३७२ मीटरवर आहे, तिथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण आठव्या हिश्शाने कमी असते. तिथे राहून रोज डबल सीट घाट चढणाऱ्याने रोलर जरा हलके केले तर मला पटेल. बदल थोडा हवा असेल तर तीन जुने आणि तीन हलके रोलर एकाआड एक बसवता येतात.

पण बहुतेकांची तक्रार ‘पूर्वीसारखा पिकअप राहिला नाही’ अशी असते. म्हणजे कंपनीने दिलेलं वजन काल चालत होतं, मधे काहीतरी झिजलंय. रोलर एका बाजूने झिजून चपटे झाले की ते घरंगळत नाहीत, घसरतात आणि अडकतात. बेल्टची रुंदी कमी झाली की तो पुलीत खाली बसतो. मॅन्युअलमध्ये किमान रुंदी दिलेली असते, मेकॅनिककडून कॅलिपर लावून मोजून घ्या. पुलीवर ग्रीस आलंय का, मागची मोठी स्प्रिंग सैल पडलीय का, हेही बघायला सांगा.

मावसभावाचे काढलेले जुने रोलर आम्ही सोनाराच्या काट्यावर ठेवले. सहाही सारखे भरले नाहीत, आणि दोन रोलर तर नखाला लागतील एवढे चपटे झाले होते. या शनिवारी त्याच वजनाचे नवे सहा बसवतोय.