चिठ्ठी आहे, गोळी नाही
गर्भपाताच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी हातात असते, तरी केमिस्ट मान हलवतो, "आम्ही ठेवत नाही." तपासणीची, रजिस्टरची कटकट नको म्हणे! आणि या धास्तीमागचं कारण? गर्भलिंगनिदान करून मुलगी पाडायला या गोळ्या वापरतील, ही शंका. अहो, सोनोग्राफीत लिंग खात्रीनं कळायला 13-14 आठवडे उजाडतात, गोळ्यांना परवानगी 9 आठवड्यांपर्यंतच! गर्भपाताचा कायदा 1971चा, लिंगनिदानबंदीचा 1994चा. दोन्हींची खिचडी करून ठेवलीय नुसती.

या गोळ्यांच्या किटमध्ये असतं काय? मिफेप्रिस्टोन 200 मिलिग्रॅमची एक गोळी, मिसोप्रोस्टॉल 200 मायक्रोग्रॅमच्या चार. पहिली गिळायची, बाकीच्या डॉक्टर सांगतील तशा, 24 ते 48 तासांनी.

दुकानात मिळेना की बाई चोरून कुठून तरी पाकीट आणते. ना आठवडे मोजलेले, ना गर्भ पिशवीतच आहे का हे पाहिलेलं. नळीतला गर्भ या गोळ्यांनी पडत नाही, नळी फुटून जिवावर बेतू शकतं. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले तर तडक हॉस्पिटल गाठायचं, हे तिला कोण सांगणार? आणि दुकानं पालथी घालता घालता नववा आठवडा उलटला, की गोळ्यांऐवजी पिशवी साफ करण्याची वेळ येते.