घर सुटण्याआधीचे ५६ दिवस

फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी बेघरांच्या निवाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू होती. फुकटच्या योजनांमुळे लोक काम करायला तयार होत नाहीत, अशी टिप्पणी तिथे झाली. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर तेच दळण चालू आहे: ‘फुकट खायची सवय लागलीय.’ परळला टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर पथारी टाकलेल्या पेशंटच्या माणसांना कसली सवय लागली, तेवढं सांगा.

मी राहतो त्या इंग्लंडात एप्रिल २०१८ पासून कायदाच आहे. ५६ दिवसांत राहतं घर सुटणार असेल, तर ते टिकवायला किंवा दुसरं मिळवायला मदत करणं कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या नगरपालिकेवर, बंधनकारक. हॉस्पिटल, तुरुंग, जॉबसेंटर (सरकारी रोजगार केंद्र) यांनीही माणसाच्या संमतीने कौन्सिलला कळवायचं. नोटीस आली की ती, भाडेकरार आणि बँक स्टेटमेंट घेऊन कौन्सिलच्या ‘हाउसिंग ऑप्शन्स’ विभागाकडे जायचं. ते लेखी आराखडा करतात: थकलेल्या भाड्याला हातभार, घरमालकाशी बोलणी, नाहीतर नव्या घराच्या डिपॉझिटची हमी.

बिघडतं तेही इथेच. ‘बेलिफची (घर रिकामं करायला येणाऱ्या कोर्टाच्या माणसाची) तारीख आली की या’ म्हणून काउंटरवरून परत पाठवतात आणि ५६ दिवस वाया जातात. किंवा नोटिशीची मुदत संपली म्हणून भाडेकरू घाबरून किल्ली देऊन टाकतो आणि ‘स्वतःहून बेघर’ ठरून मदतीचा हक्क आटण्याची पाळी येते. कोर्टाच्या आदेशाआधी घर सोडू नका, हे ‘शेल्टर’ या बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेची हेल्पलाइन समजावते. ऑगस्ट २०२३ पासून घराचा ताबा जायची वेळ आली, तर उत्पन्न न विचारता सरकारी खर्चाने कायदेशीर सल्ला मिळतो. तरीही लाखाहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या निवासात आहेत.

आपल्याकडे योजना सुरू होते तीच माणूस रस्त्यावर आल्यावर: लाख लोकसंख्येमागे एक निवारा, माणशी ५० चौरस फूट. तो हवाच. पण अकरा महिन्यांचा करार संपताना, औषधपाण्यात साठवण संपताना कुणाचं दार वाजवायचं?

एक कबूल करतो. वर्क व्हिसावर आलेल्या आमच्यासारख्यांना सरकारी निधीवर हक्क नाही, अशी अट असते. घर सुटलं तर कौन्सिलकडून सल्ला मिळेल, पदरात मुलं असतील तर बालकल्याण खातं बघेल. बाकी गुरुद्वाऱ्याचं लंगर आणि ओळखीतला सोफा. ज्या कायद्याचं मी इतकं सांगतो, त्यात मी बसत नाही. जिथे मी बसतो, त्या भारतात तो कायदाच नाही. ग्रुपवरचं ते वाक्य म्हणूनच इतकं लागतं.